पट्टीच्या वाचकाला पहिली ग्राफिक नॉव्हेल कशी सुचवावी

आयुष्यभर कादंबऱ्या, चरित्रं, आत्मकथनं वाचत आलेलं माणूस एक दिवस म्हणतं, "ते ग्राफिक नॉव्हेल का काय असतं, त्यातलं एखादं चांगलं सांग की." (म्हणजे चित्रांच्या चौकटींतून आणि शब्दांतून सांगितलेलं, पुस्तकाएवढं कॉमिक.) आणि आपण उत्साहाच्या भरात दहा नावांची यादी धाडून देतो. ती यादी कोणी उघडत नाही. मी अशा बऱ्याच याद्या पाठवल्या आहेत, म्हणून सांगते. नवख्यालाच त्यातून निवड करायला लावणं म्हणजे पोहता न येणाऱ्याला "विहीर तूच निवड" म्हणण्यासारखं आहे.

१. एकच पुस्तक द्या

शक्यतो स्वतःची प्रत द्या, आणि छापील द्या. मोबाइलवर एकेक चौकट मोठी करून दाखवायची सोय असते, पण त्यात अख्ख्या पानाची मांडणी हरवते. आणि चित्रकाराची निम्मी मेहनत त्या मांडणीत असते.

२. आवडता प्रकार विचारू नका

"तुम्हाला काय वाचायला आवडतं?" या प्रश्नाला पट्टीचा वाचक "सगळंच" असं उत्तर देतो. ते खरंही असतं, त्यामुळे प्रश्न फुकट जातो. त्यापेक्षा विचारा, की कोणतं पुस्तक दुसऱ्यांदा हातात घेतलं, आणि का. पुस्तकाच्या नावाशी आपल्याला कर्तव्य नाही; ते "का" लक्ष देऊन ऐका.

"त्या बाईचा आवाज कानात राहतो" असं कोणी म्हणालं, तर मर्जान सत्रापीचं 'पर्सेपोलिस' द्या. इराणी क्रांतीच्या काळातलं बालपण, काळ्यापांढऱ्या साध्या चित्रांत. "लेखक स्वतः तिथे जाऊन राहिलाय हे कळतं" असं म्हणणाऱ्याला जो सॅकोचं 'पॅलेस्टाइन'. हा पत्रकार. १९९१-९२च्या हिवाळ्यात वेस्ट बँक आणि गाझामध्ये फिरून त्याने माणसांशी केलेलं बोलणं चितारलं आहे. स्वतःला मात्र तो डोळे न दिसणारा चष्मेवाला असा काढतो, ते बघून माझं हसू काही थांबत नाही. विचारांची झटापट आवडणाऱ्याला 'लॉजिकॉमिक्स' (२००९): तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल आणि गणिताचा पाया शोधताना झालेली त्याची दमछाक. कथा आवडत असतील तर विल आयस्नरचं 'अ कॉन्ट्रॅक्ट विथ गॉड' (१९७८), न्यूयॉर्कमधल्या चाळवजा इमारतीतल्या चार कथा.

यातलं निम्मं नॉव्हेल नाहीच, हे चाणाक्ष वाचकाच्या लगेच लक्षात येतं आणि तो तुमच्याशी वाद घालतो. घालू द्या. नाव फसवंच आहे. त्यावर संध्याकाळ घालवू नका.

निवड अडली तर माझा ठोकताळा असा: गोष्ट आधीपासून माहीत असेल असं पुस्तक द्या. पुढे काय होणार याची उत्सुकता नसली की डोळे चित्रांसाठी मोकळे राहतात. डॉ. आंबेडकरांचं चरित्र वाचलेल्या माणसाला 'भीमायन' (२०११) देऊन मी अजून पस्तावलेले नाही. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या गोंड चित्रकारांनी त्यात चौकोनी चौकटी आखलेल्याच नाहीत. शाळेत पाणी न मिळालेला मुलगा आणि १९२७चा महाडचा सत्याग्रह वाचकाला ठाऊक असतो. ठाऊक नसतं ते हे, की या पुस्तकात भल्या माणसांच्या बोलण्याचे फुगे पक्ष्यांच्या आकाराचे आहेत आणि विखारी बोलणाऱ्यांच्या फुग्याला विंचवाची नांगी आहे.

३. काय देऊ नये

'वॉचमेन' देऊ नका. प्रत्येक "सर्वोत्तम" यादीत ते असतं म्हणून लोक डोळे मिटून देतात, आणि मीही दिलं होतं. तीन आठवड्यांनी पुस्तक परत आलं, खुणेची चिठ्ठी एकतिसाव्या पानावर. १९८६-८७ मध्ये बारा अंकांत आलेलं हे पुस्तक थोर आहे यात वाद नाही, पण ते सुपरहिरोंच्या कथांची साल काढतं. त्या कथाच न वाचलेल्या माणसाच्या हाती ते देणं म्हणजे मूळ कविता माहीत नसताना विडंबन ऐकवणं.

क्रिस वेअर या चित्रकाराची पुस्तकं नंतर. बारीक अक्षरं आणि बाणांनी भरलेली ती पानं तयारीच्या वाचकासाठी आहेत. उजवीकडून डावीकडे वाचायची जपानी कॉमिक्स, म्हणजे मांगाही नंतर. डझनावारी भाग असलेली कुठलीही मालिका नंतर. आणि पुस्तक देताना "पुलित्झर मिळालंय" हे सांगू नका. सांगितलं की वाचक परीक्षक होऊन बसतो.

४. सगळं घोडं अडतं ती पायरी

इथवरचं कोणालाही जमेल. पुस्तक त्यांच्या हातात गेल्यावर पुढे काय, इथे मी दोन वर्षं चाचपडले.

माझी मावशी. डोळ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा दोन आठवडे वाचता येणार नाही म्हणून रडली होती, अशी वाचक. तिला मी आर्ट स्पीगलमनचं 'माउस' दिलं. लेखकाचे वडील नाझी छळछावणीतून वाचले, त्यांची हकिगत. त्यात ज्यू उंदीर आहेत, जर्मन मांजरं, पोलिश डुकरं. जवळजवळ तीनशे पानं. दुसऱ्याच दिवशी फोन. "अगं, एका दुपारीच संपलं की! चांगलं आहे. वाईट वाटलं वाचून. पण खरं सांगू का, चित्रं नसती तरी चाललं असतं."

मला वाटलं, पुस्तक चुकलं. दुसरं दिलं. तेही एका दुपारीच संपलं आणि शेराही तोच. मग एकदा तिच्या शेजारी बसून ती कशी वाचते ते नुसतं बघितलं. पानावर अंगठा फिरवत वाचायची तिची सवय आहे. तो अंगठा एका फुग्यावरून पुढच्या फुग्यावर उडी मारत होता. मधलं चित्र ओलांडून! पन्नास वर्षं अक्षरांनी तिला शिकवलं होतं की अर्थ अक्षरांत असतो आणि चित्र म्हणजे सजावट. वाचक जितका सराईत, तितकी ही खोड घट्ट. लहान मुलांना हा त्रासच नसतो.

यावर जो तो एकच सल्ला देतो: "चित्रं नीट बघा म्हणावं." मीही मावशीला तेच सांगितलं. ती शहाण्या मुलीसारखी प्रत्येक चौकटीसमोर प्रदर्शनात उभं राहावं तशी थांबू लागली. चार दिवसांनी म्हणाली, "गोष्ट कुठवर आली होती तेच विसरायला होतं." जिवंत गोष्ट मी माझ्या हाताने मारली होती. "नीट बघा" हा सल्ला कोणालाही देऊ नका.

उपाय वेगळा आहे. बघायला सांगायचं नाही, विचारायचं. ज्याचं उत्तर शब्दांत नाही असा एकच प्रश्न.

त्यासाठी आधी तुम्ही त्या पुस्तकातलं एक पान हेरून ठेवा, जिथे शब्द एक सांगतात आणि चित्र दुसरंच. 'माउस'च्या पहिल्या खंडात असं पान आहे. वडील आणि आई, व्लादेक आणि आन्या, लपण्याची जागा सुटल्यावर रस्त्याला लागतात. मजकूर एवढाच, की जायला ठिकाण नव्हतं, पोलंडमधल्या सोस्नोव्हिएत्स गावाच्या दिशेने चालू लागलो. मी मावशीसमोर ते पान ठेवलं आणि विचारलं, "ते कोणत्या वाटेने गेले असतील गं?"

तिने मजकूर पुन्हा वाचला. उत्तर नव्हतं. मग पहिल्यांदाच तिचा अंगठा चित्रावर गेला आणि वाटेवरून चालू लागला. एक फाटा, काटकोनात वळला. दुसरा, तोही वळला. मध्येच ती थांबली. पुस्तक जरा लांब धरलं. वाटांचे ते फाटे मिळून नाझींचं चिन्ह होतं, आणि दोघं त्याच्यावरून चालत होते. ती काहीच बोलली नाही. मीही नाही.

थोड्या वेळाने तिनेच पानं मागे-पुढे चाळायला घेतली आणि तिला शेपटी सापडली. पोलिश असल्याचं सोंग घेऊन रस्त्यावर वावरताना दोघांनी डुकराचे मुखवटे बांधले आहेत. व्लादेकची शेपूट दिसत नाही. आन्याची कोटाखालून बाहेर लोळते आहे. ती ज्यू आहे हे पटकन ओळखू यायचं, हे वडील शब्दांत सांगतातच. पण शेपूट बघितल्यावर मावशीने पटकन पान उलटलं, जणू कोणी बघेल.

या बैठकीचे माझे काही नियम आहेत, सगळे चुकून शिकलेले.

पुस्तक देतानाच ही बैठक घेऊ नका. त्याचा वर्ग होतो. निदान तीसेक पानं, जमलं तर अख्खं पुस्तक, त्यांचं त्यांना वाचू द्या. खोड लागलेली असली तरी. तक्रार त्यांच्याकडून यायला हवी.

पान एकच. फार तर दोन. दहा मिनिटांत उठा.

बोट दाखवू नका. हे मी कळवळून सांगते आहे. मावशीनंतर एका मित्रासोबत मला दम धरवला नाही. तेच पान काढलं आणि "बघ, बघ, रस्त्याचा आकार बघ" म्हणाले. तो "हो, भारीच" म्हणाला आणि चहाला उठला. विनोद समजावून सांगितला की जे होतं, तेच झालं. प्रश्न विचारल्यावर मनात वीसपर्यंत आकडे मोजा. फार लांब वाटतात ते वीस आकडे, पण मोजा.

पुस्तक दुसरं असेल तर पान दुसरं शोधावं लागेल. 'पर्सेपोलिस'मध्ये पहिल्याच पानावर आहे: पहिल्या चौकटीत दहा वर्षांची नायिका एकटी, दुसरीत वर्गातल्या मुलींचा फोटो, आणि मी अगदी डावीकडे आहे म्हणून दिसत नाही असं ती सांगते. चौकटीने तिला कापलं आहे. विचारा, की स्वतःच्या आत्मकथनाच्या पहिल्याच पानावर स्वतःला कापून कोण काढतं? 'भीमायन'मध्ये विचारा, या माणसाचा फुगा असा टोकदार का?

चौकटींमधल्या पांढऱ्या पट्टीबद्दलही एकदा बोला, पण ओघात आलं तरच. त्या रिकाम्या जागेत काय घडलं ते वाचक भरतो. स्कॉट मॅक्लाउडने कॉमिक्सवरच लिहिलेल्या कॉमिक्समध्ये (१९९३) याचं फर्मास उदाहरण आहे: एका चौकटीत उगारलेली कुऱ्हाड, पुढच्या चौकटीत रात्रीच्या शहरावर किंकाळी. खून काढलेलाच नाही, तो वाचकाने केला. कादंबरी वाचणाऱ्याला हे चटकन पटतं, कारण दोन प्रकरणांमध्ये गेलेली दहा वर्षं तो नेहमी अशीच भरत आलेला असतो. मात्र मॅक्लाउडचं पुस्तक पहिलं म्हणून देऊ नका. बरेच जण देतात. व्याकरण पाठ करून कोणी बोलायला शिकत नाही.

५. मग गप्प बसा

"कुठवर आलं?" असं विचारायचं नाही. मावशीने 'माउस' आपणहून पुन्हा काढलं. यावेळी चार दिवस लागले.

६. दुसरं पुस्तक

दुसरं पुस्तक बिनशब्दांचं द्या. शॉन टॅनचं 'द अरायव्हल' (२००६): एक माणूस घर सोडून परक्या देशात जातो, आणि त्या देशातल्या पाट्यांची लिपीही चित्रकाराने बनवलेली आहे, त्यामुळे आपणही त्याच्याइतकेच निरक्षर होतो. पहिलं म्हणून हे दिलंत तर सराईत वाचक "लहान मुलांचं आहे" म्हणून बाजूला ठेवेल. वर सांगितलेल्या बैठकीनंतर मात्र अंगठ्याला उडी मारायला फुगाच मिळत नाही.

मावशीला दिलं. आठवडाभर काही कळलं नाही. मग रात्री दहाला फोन. "पहिल्या पानावर त्याच्या घरातल्या नऊ वस्तू आहेत बघ. कागदाचा पक्षी, घड्याळ, टोपी... शेवटाकडे तशाच नऊ वस्तू परत येतात, पण त्या नव्या देशातल्या. बघितलंस ना तू?"

ते पुस्तक माझं चार वेळा वाचून झालं होतं. हे बघितलं नव्हतं. प्रत तिच्याकडेच, म्हणून खात्री करायला रविवारी तिच्या घरी जावं लागलं. तिने पान काढून समोर ठेवलं आणि गप्प बसून राहिली. बहुतेक मनात आकडे मोजत असावी.