बंदी उठलेल्या विमानात बसायचं की नाही, हे ठरवायचं कसं

मी विमानांच्या देखभालीतला इंजिनिअर आहे. एखाद्या मॉडेलवरची उड्डाणबंदी उठली की ओळखीचे लोक हमखास विचारतात, "आता ते विमान सुरक्षित आहे का हो?" नुसतं हो किंवा नाही म्हणून त्यांच्या हाती काहीच लागत नाही, म्हणून मी त्यांना शोध कसा घ्यायचा ते सांगतो. नेटवर तासभर बसायची तयारी असेल तर कुणालाही जमेल.

आधी चूक कुठे झाली ते बघा: डिझाइनमध्ये, कारखान्यात की हँगरमध्ये, म्हणजे देखभालीच्या शेडमध्ये. बोइंग 737 मॅक्सवर दोनदा बंदी आली आणि दोन्ही वेळची कारणं अगदी वेगळी होती. 2019 ची बंदी डिझाइनमुळे आली. एमकॅस नावाची प्रणाली एकाच सेन्सरच्या भरवशावर विमानाचं नाक खाली दाबत होती. ऑक्टोबर 2018 मध्ये लायन एअरचं आणि मार्च 2019 मध्ये इथिओपियन एअरलाइन्सचं विमान पडलं, मिळून 346 माणसं गेली. जानेवारी 2024 मध्ये अलास्का एअरलाइन्सच्या मॅक्स 9 चा दरवाजाच्या जागी बसवलेला प्लग हवेत निखळला, ती मात्र कारखान्यातली चूक होती. प्लग धरून ठेवणारे चार बोल्ट परत बसवलेच नव्हते. आणि 1979 साली शिकागोत डीसी-10 या विमानाचं इंजिन उड्डाण करतानाच पंखापासून तुटलं, त्याचं मूळ हँगरमध्ये होतं. इंजिन आणि पायलॉन (इंजिन पंखाला जोडणारा सांगाडा) वेगवेगळे न काढता फोर्कलिफ्ट लावून एकदमच उतरवायची पद्धत पडली होती, त्यात पायलॉनला तडा गेला होता.

हा फरक कळला की पुढचा प्रश्न आपोआप सुचतो. डिझाइनची चूक त्या मॉडेलच्या प्रत्येक विमानात असते, तिथे डिझाइनच बदललं का ते बघायचं. चूक कारखान्याची असेल तर एकेक विमान उघडून तपासलं का, हे विचारायचं. हँगरची असेल तर मॉडेलपेक्षा एअरलाइनची चौकशी करायची.

आता सगळ्यात महत्त्वाचं: दुरुस्ती विमानात झाली की नुसती कागदावर? लायन एअरच्या अपघातानंतर अमेरिकेच्या एफएए या हवाई नियामकाने नोव्हेंबर 2018 मध्ये तातडीचा आदेश काढला, पण त्यात वैमानिकांनी काय करावं एवढंच होतं. प्रणाली होती तशीच राहिली, विमानं उडत राहिली आणि चार महिन्यांनी दुसरं पडलं. नोव्हेंबर 2020 मध्ये बंदी उठवताना काढलेला आदेश याच्याशेजारी ठेवून वाचा. एमकॅस आता दोन्ही सेन्सर ताडून बघतं, त्यांच्यात तफावत मोठी असेल तर कामच करत नाही. एका प्रसंगात ते एकदाच दाबतं, आणि वैमानिकाने दांडा ओढला तर त्याच्यापुढे ते भारी पडू शकत नाही. शेपटीकडच्या काही तारा एकमेकींपासून लांब नेल्या, वैमानिकांना सिम्युलेटरवर बसवणं सक्तीचं झालं, आणि सेवेत परतण्याआधी प्रत्येक विमानाच्या सेन्सरची चाचणी आणि एक उड्डाण करणं बंधनकारक केलं. अशा आदेशाला 'एअरवर्दिनेस डायरेक्टिव्ह' म्हणतात. मॉडेलच्या नावाबरोबर हे दोन शब्द शोधले की मूळ मजकूर सापडतो. भाषा रुक्ष असते, तरी जरूर वाचा.

दुरुस्तीची खातरजमाही दुसऱ्या कुणीतरी केलेली असावी लागते. 1972 मध्ये डीसी-10 चा सामानाचा दरवाजा हवेत उघडला, सगळे वाचले. तेव्हा सक्तीचा आदेश निघालाच नाही, काम कंपनीच्या सूचनापत्रांवर सोडलं गेलं. मार्च 1974 मध्ये पॅरिसजवळ दुसऱ्या एका डीसी-10 चा तसाच दरवाजा उघडला आणि 346 जण गेले. त्या विमानाच्या नोंदींत दरवाजाची सुधारणा झाल्याचं लिहिलेलं होतं, प्रत्यक्षात ती पूर्ण झालेली नव्हती. हे प्रकरण मी नव्या मुलांना न चुकता सांगतो. आमच्याकडे नाजूक जागी काम झालं की दुसरा माणूस ते स्वतंत्रपणे तपासतो. नट आवळून झाला की त्याच्यावरून बाजूच्या भागापर्यंत रंगाची एक बारीक रेघ ओढतात. रेघ तुटलेली दिसली, म्हणजे नट हलला. सही वाचून पुढे जायचं नसतं, टॉर्च मारून ती रेघ बघायची असते. अलास्काच्या विमानात तर प्लग कारखान्यात उघडला होता याची नोंदच नव्हती, मग परत तपासायला येणार कोण?

म्हणून उत्पादकाशिवाय आणखी कोणी तपासलं, ते बघा. मॅक्सच्या वेळी युरोपच्या ईएएसए या नियामकाने अमेरिकेच्या मागोमाग शिक्का मारला नाही. त्यांनी स्वतःचा तपास करून जानेवारी 2021 मध्ये परवानगी दिली, तीही काही जास्तीच्या अटींसह. दोन नियामकांच्या अटी जिथे वेगळ्या पडतात, तो भाग आधी वाचा. शंका कुठे शिल्लक आहे ते तिथेच कळतं.

कधीकधी मूळ कारण पूर्ण हाती लागत नाही. 2013 मध्ये बोइंग 787 च्या लिथियम बॅटऱ्या जळाल्या तेव्हा सेलच्या आत शॉर्ट सर्किट झालं हे कळलं, तरी बॅटरी पुन्हा पेटू शकते असं धरूनच तिला पोलादी पेटीत बंद केलं आणि धूर थेट विमानाबाहेर जाईल अशी नळी जोडली. मला ही दुरुस्ती प्रामाणिक वाटते.

आपल्याला कोणतं विमान मिळणार, हे तिकिटावरच्या कोडवरून कळतं: 7एम8 म्हणजे मॅक्स 8, 7एम9 म्हणजे मॅक्स 9. काही ठिकाणी मॅक्स शब्द गाळून नुसतं 737-8 लिहितात, तेही तेच. 737-800 मात्र जुन्या पिढीचं. विमान ऐनवेळी बदलू शकतं, म्हणून बसल्यावर खिशातलं सुरक्षा कार्ड बघा, मॉडेलचं नाव त्यावर छापलेलं असतं.

एवढं करूनही मन तयार नसेल तर दुसरं विमान घ्या, त्यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त तिकीट बदलण्याचे नियम आरक्षण करतानाच वाचून ठेवा. आणि गेटवर पोचल्यावर निर्णय फिरलाच तर दरवाजा बंद होण्याआधी सांगा, कारण तुमची चढवलेली बॅग शोधून उतरवावी लागते आणि उशिरा सांगितलं तर सगळं विमान खोळंबतं.