लोणेरेत पहिलं सत्र कसं काढायचं

मुंबई-गोवा महामार्गावर माणगाव आणि महाडच्या मध्ये लोणेरे लागतं. इथे १९८९ च्या कायद्याने स्थापन झालेलं डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. २०१४ च्या कायद्यानंतर राज्यभरातली कॉलेजं त्याला संलग्न झाली, पण लोणेरेचा कॅम्पस स्वभावाने छोटाच राहिला आहे. आजूबाजूला गाव, शेती आणि डोंगर. पुण्या-मुंबईच्या कॉलेजात विसरलेली वस्तू संध्याकाळी गेटबाहेर मिळते. इथे तिच्यासाठी माणगाव किंवा महाड गाठावं लागतं आणि त्यात अर्धा दिवस जातो. त्यामुळे जे लागणार आहे त्याची सोय आठवडाभर आधी करायची सवय पहिल्याच महिन्यात लावून घ्या. कोकणातल्या किंवा शहरापासून लांब असलेल्या कुठल्याही छोट्या तंत्रनिकेतनाला, विद्यापीठाला यातलं बहुतेक सगळं लागू पडेल.

येताना

प्रवेश कॅपच्या, म्हणजे राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या, फेऱ्यांमधून होतो, म्हणून नवीन मुलं साधारण ऑगस्टमध्ये, म्हणजे भर पावसात येतात. पुण्याहून ताम्हिणी घाटाचा रस्ता जवळचा, पण जोराच्या पावसात तिथे दरड कोसळते. निघण्याआधी एसटी आगारात फोन करून रस्ता चालू आहे का ते विचारा. कोकण रेल्वेवर गोरेगाव रोड स्टेशन जवळचं, मात्र तिथे मोजक्याच गाड्या थांबतात. जास्त गाड्या माणगावला मिळतात. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक बदलतं आणि गाड्यांचा वेगही कमी ठेवतात. तेव्हा रिपोर्टिंगच्या दिवशीच पोहोचायचा बेत करू नका, आदल्या दिवशी या.

मूळ कागदपत्रं लॅमिनेट करू नका, पडताळणीच्या वेळी अडचण येते. जाड प्लॅस्टिकच्या चेनच्या पाऊचमध्ये ठेवा. प्रत्येकाच्या ५ झेरॉक्स, १० पासपोर्ट फोटो, आणि सगळ्यांचे स्कॅन फोनमध्ये व मेलवर. स्कॅन स्पष्ट पण कमी आकाराचे करून ठेवा, कारण पोर्टलवर फाइलच्या आकाराला मर्यादा असते आणि ऐन वेळी नेटवर्क नसलं की फाइल लहान करत बसणं जमत नाही.

खोली आणि ओल

पहिल्या वर्षाच्या मुलांना सगळ्यात जास्त जेरीस आणते ती ओल. अभ्यास, मेस, रूममेट हे सगळं नंतर. जून ते सप्टेंबर हवेत इतका दमटपणा असतो की भिंतीला टेकलेली गादी, कपाटात घडी घालून ठेवलेले कपडे, चामड्याचा पट्टा, सगळ्यावर आठ-दहा दिवसांत बुरशी धरते.

कॉट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, मागून हवा फिरली पाहिजे. कापसाची गादी आणू नका. ती ओल धरते आणि उन्हाशिवाय सुकत नाही. पातळ फोमची किंवा काथ्याची चालते. कपाट गच्च भरू नका आणि रोज तासभर पंखा चालू ठेवून दार उघडं टाका. जीन्सला वाळायला तीन-चार दिवस लागतात, तेव्हा एक जोडी पुरे. बाकी पटकन वाळणाऱ्या पँटी आणि टी-शर्ट आणा. ५ मीटर नायलॉनची दोरी, दोन डझन चिमटे, दोन टॉवेल. बाथरूमला वेगळी आणि बाहेर वेगळी अशा रबरी चपलांच्या दोन जोड्या. अर्धवट ओले मोजे घालून दिवसभर बूट वापरले की बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात, आणि मग आठवडाभर चालताना त्रास होतो. मोजे कमीत कमी ६ जोड्या असू द्या.

लॅपटॉप रोज थोडा वेळ तरी चालू करा. आतल्या उष्णतेने ओल निघून जाते. सुट्टीत महिनाभर बंद पडलेला लॅपटॉप परत आल्यावर सुरूच न होणं ही इथली नेहमीची तक्रार आहे. बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. त्या ओल्या झाल्या की बदला.

वीज जाते. कडकडाट सुरू झाला की चार्जर प्लगमधून काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. १०,००० एमएएचची पॉवर बँक आणि एक चांगली टॉर्च हवीच. केटल किंवा पाणी तापवायचा रॉड आणायचा मोह टाळा. नियमात बसत नाही हे तर आहेच, पण हिशेबही पाहा: १५०० वॅटची केटल २३० व्होल्टवर साधारण ६.५ अँपिअर खेचते. एकाच लाइनवर तीन खोल्यांत तीन केटल लागल्या की साडेएकोणीस अँपिअर झाले आणि १६ अँपिअरचा एमसीबी, म्हणजे जादा भार आला की वीज तोडणारा स्विच, पडला. रात्री अकराला पूर्ण मजला अंधारात बसतो, तोही सबमिशनच्या आदल्या दिवशी.

रात्री गवतातून किंवा पायवाटेने जाताना टॉर्चशिवाय जाऊ नका, बूट घालण्याआधी झटका. साप चावला तर चिरा मारणं, आवळून बांधणं असलं काहीही न करता माणसाला शांत झोपवा, अवयव हलू देऊ नका आणि १०८ ला फोन करा. माणगावला उपजिल्हा रुग्णालय आहे. पायाला जखम असताना साचलेल्या पाण्यातून चालू नका, लेप्टोचा, म्हणजे उंदरांच्या मूत्रातून पाण्यात पसरणाऱ्या तापाचा, धोका असतो. ताप दोन दिवसांत उतरला नाही तर मेडिकलमधून गोळ्या आणून अंगावर काढू नका. रक्त तपासून घ्या आणि वॉर्डनला कळवा.

महाडीबीटीचा अर्ज

महाडीबीटी म्हणजे राज्य सरकारचं शिष्यवृत्तीचं पोर्टल. त्यावरच्या अर्जात चूक झाली तर नुकसान हजारांत असतं, म्हणून थोडं सविस्तर.

राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजनेत उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर शिक्षण शुल्काची आणि परीक्षा शुल्काची निम्मी रक्कम मिळते. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, कॅपमधून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश असेल आणि उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल, तर दोन्ही शुल्कं पूर्ण माफ आहेत. वसतिगृहात राहणाऱ्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता वेगळा आहे आणि त्याचा अर्जही वेगळा भरावा लागतो. पुष्कळ मुलं पहिला अर्ज भरून थांबतात आणि भत्त्याला मुकतात.

लागणारे कागद: तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, अधिवास, लागू असेल तर जातीचा दाखला आणि वैधता प्रमाणपत्र, कॅपचं अलॉटमेंट लेटर, फीची पावती, मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र, वसतिगृहाचा दाखला. नॉन-क्रिमीलेअर चालू शैक्षणिक वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत वैध असलं पाहिजे. हे सगळं गावाकडच्या सेतू केंद्रातून निघतं, लोणेरेत बसून निघत नाही. म्हणून घर सोडण्याआधीच हातात घ्या.

आता पैसे अडकतात ते नेमके कुठे? बँकेत आधार दिलेलं असतं, केवायसीही झालेलं असतं, पण एनपीसीआयच्या, म्हणजे बँकांमधले डिजिटल व्यवहार चालवणाऱ्या संस्थेच्या, नोंदीत आधार त्या खात्याला जोडलेलं नसतं. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माय आधारच्या साइटवर बँक सीडिंग स्टेटस पाहा. तिथे जुन्याच कुठल्या तरी बँकेचं नाव दिसलं, तर पैसे त्या जुन्या खात्यात जातील. ते खातं बंद पडलेलं असेल तर परत जातील. बँकेत जाऊन सीडिंगचा फॉर्म भरा आणि चार-पाच दिवसांनी पुन्हा तपासा.

अर्ज भरल्यावर आठवड्यातून एकदा लॉगिन करा. त्रुटी असेल तर अर्ज 'सेंड बॅक' होतो. एसएमएस आला नाही तरी दुरुस्तीची मुदत संपतेच. मंजुरीनंतर 'रिडीम'चं बटण दिसलं तर ते दाबायचं राहू देऊ नका. दुसऱ्या वर्षी नूतनीकरण पुन्हा करायचं असतं. आणि शिष्यवृत्ती विभागातल्या क्लार्कशी नीट ओळख ठेवा. छोट्या कॅम्पसात त्या एका टेबलावरून सगळ्यांची फाइल जाते, आणि रांगेत नम्रपणे उभं राहून नेमका प्रश्न विचारणाऱ्याचं काम लवकर होतं.

वर्कशॉप आणि ड्रॉइंग

मिनीड्राफ्टर म्हणजे ड्रॉइंग बोर्डावर समांतर रेषा काढायचं साधन. दुकानात तो घेताना बोर्डाला लावून बघा: क्लॅम्प डाव्या वरच्या कोपऱ्यात घट्ट बसला पाहिजे आणि पट्टी इकडून तिकडे नेल्यावर रेषा समांतर राहिली पाहिजे. लोणेरेत पोहोचल्यावर बदलून मिळणार नाही. पेन्सिली तीन: रचनेच्या पुसट रेषांना २एच, ठळक बाह्यरेषेला एच, अक्षरांना एचबी. दमट हवेत कागद मऊ पडतो. जोर दिला की २एचचं टोक कागद कापतं आणि रबर फिरवला की पापुद्रा निघतो. शीट नळीत ठेवा आणि शक्यतो सकाळी कोरड्या हातांनी काम करा.

सगळ्यात जास्त मार्क जातात ते प्रक्षेपणात, म्हणजे वस्तूची वेगवेगळ्या बाजूंनी दिसणारी दृश्यं कागदावर काढण्यात. आपल्याकडे फर्स्ट अँगल पद्धत शिकवतात: वरून दिसणारं दृश्य समोरच्या दृश्याच्या खाली येतं, उजवीकडून दिसणारं डाव्या हाताला. यूट्यूबवरचे बरेच परदेशी व्हिडिओ थर्ड अँगलचे असतात आणि तिथे नेमकं उलट असतं. व्हिडिओ सुरू करण्याआधी त्यातलं चिन्ह पाहा, नाहीतर आकृती सुबक आणि उत्तर चुकीचं.

फिटिंगमध्ये लोखंडी पट्टीचा चौरस घासून गुण्यात, म्हणजे अचूक काटकोनात, बसवायचा असतो. कड मधे फुगीर होते, कारण कानस हातात डुलते. सुरुवातीला पुढच्या हाताचा दाब जास्त, ढकलत नेताना तो हळूहळू मागच्या हातावर, आणि परत आणताना दाब नाही. दातांत कीस अडकू नये म्हणून कानशीवर खडू घासा. हॅक्सॉच्या ब्लेडचे दात पुढच्या दिशेला असावेत. रेषेच्या बाहेरून कापा आणि घासण्यासाठी अर्धा ते एक मिलिमीटर ठेवा. तास संपला की जॉबला, म्हणजे घासलेल्या तुकड्याला, तेलाचा हात फिरवून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळा. तसाच कपाटात टाकला तर पुढच्या आठवड्यात त्यावर तांबूस गंज दिसेल आणि तो घासताना माप जाईल.

मार्क, मेस, माणसं

गुणांचा रूढ साचा असा: सातत्यपूर्ण मूल्यमापन २०, मिडसेम २०, अंतिम परीक्षा ६०. तुमच्या तुकडीची योजना संकेतस्थळावरून उतरवून घ्या. पहिले ४० गुण हजेरी, असाइनमेंट आणि जर्नल वेळेवर देणाऱ्याच्या हातात असतात. केटी लागणाऱ्यांपैकी, म्हणजे विषय मागे राहणाऱ्यांपैकी, पुष्कळ जण हे ४० गुण सोडून साठातून सगळं भरून काढायला निघालेले असतात. पहिल्या सत्रातल्या गणिताची केटी पुढच्या वर्षी दुप्पट जड जाते, कारण तोवर त्यावर उभे असलेले विषय सुरू झालेले असतात.

मेसबद्दल एवढंच: तक्रार मेस समितीत लेखी द्या, तारीख घालून. खोलीत चणे, गूळ, शेंगदाणे हवाबंद डब्यात ठेवा. बिस्किटाचा फुटलेला पुडा रात्रीत मऊ पडतो आणि मुंग्या बोलावतो. जवळ पाचशे रुपये रोख असू द्या, नेटवर्क गेलं की यूपीआय चालत नाही.

छोट्या कॅम्पसात सगळे सगळ्यांना ओळखतात. याचा फायदा घ्या. आपल्या शाखेतला दुसऱ्या आणि चौथ्या वर्षातला किमान एकेक दादा किंवा ताई माहीत असावी. जुन्या प्रश्नपत्रिका, इंटर्नशिपचे पत्ते, एम.टेक.च्या प्रवेशासाठीच्या गेट परीक्षेचा अभ्यास कधी सुरू करायचा हे तिथूनच कळतं. पण ओळखीच्या नावाखाली कोणी रात्री खोलीत बोलावून त्रास देत असेल तर ते रॅगिंगच आहे. महाराष्ट्रात १९९९ च्या कायद्याने त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आहे. यूजीसीची हेल्पलाइन १८००-१८०-५५२२ चोवीस तास चालू असते. मेसेज, वेळ आणि नावं लिहून ठेवा, काहीही डिलीट करू नका.

सुट्टीला जाताना

गणपतीत कोकणाकडे येणाऱ्या गाड्या आणि महामार्ग तुडुंब असतो. तुम्ही उलट दिशेने, मुंबईकडे जाणार असलात तरी परतीला त्याच गर्दीत सापडता. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, तेव्हा परतीचं तिकीट आधी काढा आणि जायचं नंतर. खोली सोडताना गादी उभी करून भिंतीपासून लांब ठेवा, कपाटातले कपडे शक्य तेवढे घरी न्या, कागदपत्रं आणि लॅपटॉप बरोबर घ्या, आणि कुलपाची दुसरी चावी सुट्टीनंतर सगळ्यांत आधी परत येणाऱ्या रूममेटकडे द्या.