नागपूरच्या उन्हात टिकणारा फ्रेश परफ्युम कसा बनवायचा

फ्रेश परफ्युम बनवायचा म्हटलं की सगळे आधी लिंबू-संत्र्याच्या तेलामागे धावतात आणि मग म्हणतात, काऊन उडून गेला बाप्पा इतक्या लवकर? उडणारच ना. संत्र्याच्या सालीच्या तेलात ९० टक्क्यांच्या वर लिमोनीन असतं, ते हलकं असते, त्यात आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास. म्हणून माझं सरळ म्हणणं आहे, फ्रेशपणा टिकवायचं काम सिट्रसच्या (लिंबू-संत्र्याच्या तेलांच्या) खालची, म्हणजे हळू उडणारी मंडळी करतात, जास्त डोकं तिथे लावा.

आधी नाक तयार करा. आंबिया बहाराची ताजी संत्री आणा, साल सोला आणि कागदाच्या पट्टीवर दुमडून दाबा, बारीक फवारा उडतो ते तेल. लगेच हुंगा, मग पाच मिनिटांनी, मग अर्ध्या तासाने. पहिले टोचणारा हिरवट वास येतो, मग नुसता गोडवा राहतो, मग तोही फिका पडत जातो. तो पहिला हिरवटपणा लांबवायचा, एवढंच आपलं काम. घरी सालीतून तेल काढायच्या भानगडीत मात्र पडू नका, फारच थोडं निघते, कोल्ड प्रेस्ड (उष्णता न देता दाबून काढलेलं) विकत घ्या.

हिरवटपणा पुढे न्यायला पेटिटग्रेन, हे कडू संत्र्याच्या पानांचं आणि कोवळ्या फांद्यांचं तेल, सालीचा वास गेला तरी झाड तिथेच आहे असं वाटते. मधल्या भागात हेडिऑन, हा जाईसारख्या हलक्या वासाचा कृत्रिम घटक. १९६६ ला फ्रेंच परफ्युमर एडमंड रुदनित्स्का यांनी डिओरच्या ओ सोवाज या परफ्युममध्ये हे वापरलं आणि फ्रेश परफ्युमची चालच बदलली. नुसतं हुंगलं तर फार काही वाटत नाही, पण मिश्रणात टाकलं की सगळं मोकळं होते, हवा खेळते. आणि तळाला वाळा. कूलरच्या वाळ्याच्या ताटीवर पाणी पडलं की जो वास सुटतो तो आपल्या नाकात लहानपणापासून बसलेला आहे, त्याचं तेल पट्टीवर दिवसेंदिवस टिकते, पण हात आखडता ठेवा, जास्त झालं की माती माती लागते.

आता प्रमाण. थेंब मोजू नका, ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या. १० ग्रॅम कॉन्सन्ट्रेटसाठी (अल्कोहोल टाकायच्या आधीचं मिश्रण) बर्गमोट (एका आंबट लिंबूवर्गीय फळाच्या सालीचं तेल) २.२, संत्रा १.३, पेटिटग्रेन ०.४, डायहायड्रोमिरसेनॉल (लिंबासारख्या ताज्या वासाचा कृत्रिम घटक) ०.३, हेडिऑन ३.२, आयसो ई सुपर (लाकडी वासाचा कृत्रिम घटक) १.८, वाळा ०.३ आणि अँब्रॉक्सनचं (अंबरसारख्या वासाचा टिकाऊ घटक) १० टक्के द्रावण ०.५ ग्रॅम. बर्गमोट बर्गाप्टीन काढलेलंच घ्या, साधं लावून उन्हात गेलं तर त्वचेवर काळे डाग पडू शकतात आणि आपल्याकडे ऊन काही कमी नाही. हे सगळं ५७ ग्रॅम परफ्युमर्स अल्कोहोलमध्ये (परफ्युमसाठी मिळणारं इथाइल अल्कोहोल) टाकलं की साधारण १५ टक्क्यांचा परफ्युम होते. सॅनिटायझर किंवा दवाखान्याचं स्पिरिट वापरू नका, त्याचाच वास मारते.

मग बाटली अंधारात दोन-तीन आठवडे ठेवून द्या, राहवत नाही हे मान्य, पण पहिल्या दिवशी सगळं सुटं सुटं आणि अल्कोहोल पुढे असते, नंतर ते एकजीव होते.

लक्झरी वाटायला अजून दहा वस्तू टाकाव्या असं खूप जणांना वाटते, माझं मत उलट आहे. सामान कमी ठेवा आणि बर्गमोट आणि वाळा चांगल्यातला घ्या, स्वस्त वाळ्याला कधीकधी जळका वास असतो आणि तो शेवटपर्यंत पाठ सोडत नाही. बदल करायचा तर एका वेळी एकच वस्तू बदला आणि वहीत वजन लिहून ठेवा.

टेस्ट एसीत बसून करू नका. आधी कोपराच्या आत जरासा लावून एक दिवस बघा, खाज किंवा लाली आली नाही तर मनगटावर लावून बर्डीवर (सीताबर्डी बाजारात) चक्कर मारून या, घाम आल्यावर कसा वास येते ते तिथेच कळते.

उरलेलं संत्र्याचं आणि बर्गमोटचं तेल लहान बाटलीत काठोकाठ भरून फ्रिजमध्ये ठेवा आणि झाकणावर तारीख टाका. हवा लागली की लिमोनीन खराब होते, वास रंगाच्या थिनरसारखा होत जाते आणि अशा तेलानं त्वचेला अ‍ॅलर्जी होऊ शकते, तसं झालं तर फेकून द्या.