ऑस्ट्रेलियात व्हिसा रद्द झाला किंवा नागरिकत्व नाकारले गेले? ट्रायब्युनलकडे जाताना या चुका टाळा

१४ ऑक्टोबर २०२४ पासून ही प्रकरणे जुन्या एएटीऐवजी (अॅडमिनिस्ट्रेटिव्ह अपील्स ट्रायब्युनल) अॅडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यू ट्रायब्युनलकडे, म्हणजे सरकारी निर्णयांची फेरतपासणी करणाऱ्या न्यायाधिकरणाकडे, जातात. तिथे सर्वांत महागात पडते ती मुदतीच्या हिशेबातली चूक. बहुतेक निर्णयांसाठी २८ दिवस मिळतात. पण चारित्र्याच्या कारणावरून, म्हणजे स्थलांतर कायद्याच्या (मायग्रेशन अॅक्ट) कलम ५०१ खाली, अधिकाऱ्याने व्हिसा रद्द केला असेल आणि माणूस ऑस्ट्रेलियातच असेल, तर हातात अवघे ९ दिवस उरतात. हे दिवस तुम्ही पत्र उघडल्यापासून मोजले जात नाहीत. शुक्रवारी संध्याकाळी आलेला ईमेल स्पॅममध्ये पडून राहिला, तरी तो त्याच दिवसाअखेर मिळाला असे कायदा धरतो. आणि पत्रव्यवहारासाठी एजंट नेमला असेल, तर त्याला मिळाले ते तुम्हालाही मिळाले. नागरिकत्वाच्या प्रकरणात उशिराचे सबळ कारण देऊन मुदतवाढ मागता येते, व्हिसाच्या प्रकरणात मात्र ट्रायब्युनलला तो अधिकारच नाही.

अर्ज दाखल झाला की रद्द झालेला व्हिसा आपोआप जिवंत होतो, हाही गैरसमजच. ब्रिजिंग व्हिसा, म्हणजे निकाल लागेपर्यंत देशात राहण्याचा तात्पुरता व्हिसा, स्वतंत्रपणे मागावा लागतो. व्हिसा मंत्र्यांनी स्वतः रद्द केला असेल, तर ट्रायब्युनलचे दार बंद असते आणि ३५ दिवसांत फेडरल कोर्ट गाठावे लागते.

दुसरी मोठी चूक म्हणजे अधिकाऱ्याविरुद्धचे गाऱ्हाणे पानेच्या पाने लिहिणे. ट्रायब्युनल अधिकाऱ्याच्या जागी बसून प्रकरण नव्याने पाहते, त्यामुळे तिथे नवे पुरावे चालतात, राग चालत नाही. शिवाय कायद्याने बांधलेले हात तेही सोडवू शकत नाही. नागरिकत्वाच्या अर्जाआधीच्या ४ वर्षांत एकूण १२ महिन्यांपेक्षा आणि शेवटच्या १२ महिन्यांत ९० दिवसांपेक्षा जास्त काळ देशाबाहेर राहता येत नाही. आईच्या आजारपणासाठी पुण्यात ९७ दिवस राहिलेल्याने, सवलतीच्या मोजक्या प्रकारांत आपण बसत नसू, तर सुनावणीवर पैसे घालण्यापेक्षा अट पूर्ण होताच नवा अर्ज करणे शहाणपणाचे, असे माझे मत आहे.

आपल्या लोकांची खास अडचण नावांची असते. जन्मदाखल्यावर सुनंदा, लग्नानंतर स्मिता. मधले नाव एका कागदावर वडिलांचे, दुसऱ्यावर पतीचे. ओळख पटल्याशिवाय नागरिकत्व देताच येत नाही, म्हणून विवाह नोंदणीचा दाखला, नावबदलाच्या राजपत्राची प्रत आणि मराठी कागदांचे नाटी-प्रमाणित (नाटी म्हणजे भाषांतरकारांना प्रमाणपत्र देणारी ऑस्ट्रेलियातील संस्था) भाषांतर, हे सारे कोणते नाव कधीपासून लागले त्या क्रमाने लावून द्यावे.