सासूबाईंना 'कोलॅटरल' कशी दाखवावी

जुलैत रत्नागिरीजवळच्या आमच्या पावस गावात दिवेलागणीनंतर करण्यासारखं फार नसतं. कलमांची कामं उरकलेली, अंगणात शेवाळ, आणि टीव्हीवर तीच सून गेली तीन वर्षं त्याच सोफ्यावर बसून रडतेय. गेल्या पावसाळ्यात मी सासूबाईंना 'कोलॅटरल' ही ब्रिटिश मालिका दाखवली. त्यांचं वय ८१, इंग्रजी शून्य, रहस्यकथांचं वेड जबर. पहिला प्रयत्न साफ फसला, दुसरा जमला. घरात असं तल्लख डोक्याचं पण इंग्रजी न कळणारं माणूस असेल, तर हे वाचून ठेवा.

मालिका बीबीसीची, २०१८ सालची. ब्रिटनबाहेर नेटफ्लिक्सने आणली. लेखक नाटककार डेव्हिड हेअर. भाग फक्त चार, आणि गोष्टही चारच दिवसांची. दक्षिण लंडनमध्ये एका बाईकडे पिझ्झा पोचवून निघालेल्या अब्दुल्ला असिफ नावाच्या निर्वासिताला रस्त्यात गोळी घालतात. तपास येतो किप ग्लास्पी या इन्स्पेक्टर बाईकडे. ती कॅरी मुलिगनने केलीय, आणि ती गरोदर आहे. शूटिंगच्या वेळी मुलिगन खरोखरच गरोदर होती, म्हणून पात्रालाही दिवस गेलेले दाखवले.

माझी पहिली चूक म्हणजे शेजारी बसून वाक्यागणिक मराठी सांगत गेले. वीस मिनिटांत सासूबाई वैतागल्या. "अगो, एकतर तू बोल, नाहीतर त्यांना बोलू दे." टीव्ही बंद.

दुसऱ्या वेळी तयारी केली. चारही भाग आधीच टॅबवर उतरवून घेतले, कारण आमच्याकडे वारा सुटला की लाइट जाते आणि मग वायफायही. मग कालनिर्णयाचं जुनं पान उलटं करून त्यावर मोठ्या अक्षरात माणसं लिहिली. सगळी नाही, सहाच. नावापुढे काम, आणि कामापुढे तिसरा रकाना: कागद. म्हणजे या माणसाकडे त्या देशात राहायचा कागद आहे का, आणि नसेल तर कोणाला घाबरून आहे.

हा तिसरा रकाना जरूर करा, कारण खुनी कोण हे बघणाऱ्याला पहिल्याच भागाच्या शेवटी कळतं. 'कोणी मारलं' एवढ्यासाठी बसलात तर उरलेले तीन भाग लांबतील. बघायचं ते हे की कोण तोंड उघडत नाही, आणि का. खून जिने पाहिला ती लिन, तिच्या व्हिसाचा घोळ. साक्ष द्यायला पुढे झाली तर हीच अडकणार. अब्दुल्लाच्या दोन बहिणी एका गॅरेजात राहतात. पोलीस येतात ते त्यांना मदत करायला की धरायला, हे त्यांना कळायला मार्ग नाही. सासूबाईंनी दुसऱ्या भागापासून रकाना स्वतःच भरायला घेतला. चष्मा नाकावर, पेन्सिल कानावर. पिझ्झाच्या दुकानातल्या मॅनेजरबाईपुढे त्यांनी लिहिलं, 'कागद आहे, पण घाबरते.' मी सांगितलं नव्हतं.

आता कुठे थांबवायचं ते. मालिका सारखी थांबवू नका; भागाला दोनदा पुरे. मी या ठिकाणी थांबवली.

गोळी लागल्यावर लगेच. कारण तिथले साधे पोलीस कमरेला पिस्तूल लावत नाहीत. हे माहीत नसेल तर भर वस्तीत गोळी चालल्याचा त्यांना बसलेला धक्का आपल्याला कळत नाही. आपल्याला वाटतं, बरं, पुढे?

चर्चमधली बाई आली तेव्हा. जेन ऑलिव्हर ही धर्मगुरू आहे, नन नव्हे. इंग्लंडच्या चर्चमध्ये १९९४पासून बायका धर्मगुरू होऊ लागल्या. लिन तिच्याकडे राहते, आणि त्या दोघी एकमेकींच्या आहेत. हे कसं सांगावं याची मला दोन दिवस आधीपासून धाकधूक. सासूबाई म्हणाल्या, "ते कळलं गो मला. मला सांग, ती पोरगी साक्ष देणार का?"

आणि बहिणींना डांबून ठेवतात तिथे. तो तुरुंग नव्हे, देशाबाहेर काढण्यापूर्वी ठेवायची जागा. ब्रिटनमध्ये मोठ्या माणसांना तिथे किती दिवस ठेवायचं याला कायद्यात ठरलेली मुदत नाही. शिवाय आसरा मागणाऱ्याला अर्जाचा निकाल लागेपर्यंत सहसा काम करायला परवानगी नसते. वर्ष उलटलं तर मागता येते, तीही ठरावीक कामांपुरती. मग रात्रीची, रोख पैशाची, कोणी न विचारणारी कामं करायला कोण जातं, ते वेगळं सांगावं लागत नाही.

एक इशारा. ही मालिका आपल्याकडे बघताना नेपाळ्यांची आठवण येणारच. आंब्याच्या बागेत राखण त्यांची, मिरकरवाडा बंदरातल्या ट्रॉलरवर खलाशी ते. पण घाईने 'अगदी आपल्यासारखंच' म्हणू नका, मी म्हटलं आणि नवऱ्याने मला बरोबर अडवलं. भारत-नेपाळचा १९५०चा करार आहे. नेपाळ्याला इथे यायला व्हिसा लागत नाही, काम करायलाही आडकाठी नाही. अब्दुल्लाच्या बहिणींची भीती त्याला नाही.

तरी एक गोष्ट मला टोचली, ती लिहितेच. आमच्या बागेत सहा हंगाम एकच राखणदार येतोय. आम्ही त्याला बहादूर म्हणतो. हंगामाच्या सुरुवातीला नावं-फोटो ठाण्यात द्यायचे म्हणून मी त्याचा कागद हातात घेतला, तर वर लोकेंद्र. बहादूर कुठेच नाही, आडनावातसुद्धा. मी विचारलं, "मग सांगितलं का नाहीस?" तो हसला, "भाभी, आधीच्या बागेतही बहादूरच होतो." मालिकेत किप मेलेल्या पोराचं नाव घेते. सासूबाईंच्या कानाला ते दुसऱ्याच भागात बसलं. 'पिझ्झावाला' म्हणायचं त्यांनी सोडलं.

चार भाग चार रात्रींत बघा, एका दमात नको. मधल्या दिवशी जेवताना वाद झाला पाहिजे. आमच्याकडे खासदार डेव्हिड मार्सवरून झाला. माणूस भला आहे, पण भल्या माणसाने अजून काय करायला हवं होतं यावर नवरा आणि सासूबाई आमटी गार होईपर्यंत भांडले. लहान मुलं असतील तर झोपवून मग लावा; शिव्या आहेत, नशापाणी आहे. सबटायटल इंग्रजीच ठेवा, तुमच्यासाठी. लंडनची बोली कानाला चटकन लागत नाही.

शेवटच्या रात्री लाइट गेलीच. टॅबवर सतरा टक्के बॅटरी, मेणबत्तीच्या उजेडात तिघं डोकं जवळ करून बसलो. संपल्यावर सासूबाईंनी कालनिर्णयाचं पान घडी घालून उशीखाली ठेवलं. मग विचारलं, "त्या बाईने पिझ्झाचे पैसे दिले होते का गो त्याला?"

मी अजून पहिला भाग मागे नेऊन पाहिलेला नाही.