कोळंबीचं डोकं, टरफल, मांस: पोषणाच्या नादात होणाऱ्या चुका टाळा

कोळंबीच्या टरफलात कॅल्शियम असतं हे खरंच. पण म्हणून लोक टरफलं तासन् तास उकळत बसतात, ते पाहून कपाळाला हात लावावासा वाटतो. हे कॅल्शियम असतं कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपात, आणि ते साध्या पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. टरफलातलं कायटिन, म्हणजे टरफल ज्याचं बनतं तो चिवट तंतुमय पदार्थ, तोही आपल्याला फारसा पचत नाही.

आईची हाडं दुखतात म्हणून माझ्या भाच्याने डोकी-टरफलं एकत्र करून दोन तास खळखळ उकळली. वर राखाडी फेस, खाली कडवट पाणी. "मावशी, सगळं सत्त्व उतरलं बघ!" मी तळातलं एक टरफल काढून त्याच्या हातात दिलं. होतं तसंच टणक. कॅल्शियम तिथेच बसलं होतं, पाण्यात उतरली होती ती कडू चव.

मी टरफलं आधी थोड्या तेलात मंद आचेवर परतते. तेल केशरी होतं, कारण अ‍ॅस्टाझँथिन हे रंगद्रव्य तेलात उतरतं, पाण्यात नाही. मग बेताचं पाणी घालून वीसेक मिनिटं, आणि लगेच गाळायचं. हा रस्सा चवीसाठी. कॅल्शियम हवंच असेल तर बारीक कोळंबी टरफलासकट चावून खा.

दुसरी चूक डोक्याची. तिथला केशरी गर म्हणजे कोळंबीचं यकृत आणि स्वादुपिंड एकाच अवयवात. चरबी, कोलेस्टेरॉल, रंगद्रव्य तिथे मांसापेक्षा जास्त. पण पाण्यात कॅडमियम हा विषारी धातू असेल तर तोही तिथेच साठतो. चाखायला हरकत नाही, रोज वाटीभर चोखू नये. त्यातच पाचक रस असतात. कोळंबी मेली की ते झिरपून डोक्यालगतचं मांस पोखरायला लागतात. "उद्या सोलू" म्हणून डोक्यासकट फ्रीजमध्ये टाकलेली कोळंबी सकाळी पिठूळ लागते ती यामुळे, आणि मग दोष विकणाऱ्याला. लगेच शिजवणार नसाल तर डोकी आधी काढा. आळसाला इथे सवलत नाही.

प्रोटीन मोजणाऱ्यांचं गणित तर विचारूच नका. शिजलेल्या १०० ग्रॅम मांसात साधारण २४ ग्रॅम प्रोटीन असतं, कच्च्यात सुमारे २०. हे आकडे सोललेल्या मांसाचे. अख्खी अर्धा किलो कोळंबी सोलली की हाती साधारण निम्मंच मांस येतं. तरी मंडळी अर्ध्या किलोचं १२० ग्रॅम प्रोटीन लिहून मोकळी होतात! सोलून वजन करा, एवढंच.

पाठीवरचा काळा दोरा ही शीर नव्हे, आतडं आहे. त्यात पोषण शोधू नका, मोठ्या कोळंबीत वाळू असते, काढून टाका.

कोलेस्टेरॉलच्या धास्तीने मांस सोडणारे ती कोळंबी लोण्यात तळून खातात, हे अजब. मांसात कोलेस्टेरॉल आहे, पण संतृप्त चरबी अगदी नगण्य. ती आणतं लोणी.

आणि अ‍ॅलर्जी असलेल्याला "तुकडे काढलेत, नुसता रस्सा घे" असा आग्रह कधीच नको. अ‍ॅलर्जी आणणारं ट्रोपोमायोसिन हे प्रोटीन उकळूनही टिकतं आणि रश्श्यात उतरतं.