सरकारी संकेतस्थळ दिव्यांगांना वापरता येईल असे कसे करावे: सुरुवात एका दाखल्यापासून

गोव्यातल्या पंचायतीचे, पालिकेचे किंवा एखाद्या खात्याचे संकेतस्थळ ज्यांच्या हाती आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. प्रोग्रामिंग येत नसले तरी अडत नाही. बरेचसे दोष मजकूर चढवणाऱ्याच्या हातून होतात आणि त्यालाच ते काढता येतात.

वरच्या कोपऱ्यात अक्षरे लहान-मोठी करायची बटणे आणि चाकाच्या खुर्चीचे चिन्ह बसवले की काम झाले, असे पुष्कळ ठिकाणी समजतात. अंध माणूस आपला स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचे मोठ्याने वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर, घेऊनच येतो. कमी दिसणारा ब्राउझरमध्येच पान मोठे करतो. त्यांना तुमचा अर्ज भरून पूर्ण करता यायला हवा, बस. म्हणून अख्खे संकेतस्थळ एकदम हाती घेऊ नका. लोक ज्यासाठी नेहमी येतात असे एकच काम निवडा, समजा उत्पन्नाचा दाखला, आणि मुखपृष्ठापासून पोचपावतीपर्यंत ते निर्वेध करा.

पहिली चाचणी फुकटची. माउस बाजूला ठेवा आणि फक्त टॅब, एंटर व बाणांच्या कळांनी तो अर्ज भरून पाहा. ज्यांचे हात थरथरतात किंवा ज्यांना अजिबात दिसत नाही, ती माणसे असेच काम करतात. आपण कुठे आहोत हे दाखवणारी चौकट प्रत्येक वेळी दिसते का? ‘दिसायला बरे नाही’ म्हणून डिझायनर ती काढून टाकतात. परत आणायला लावा. माउस नेला तरच उघडणारा मेनू इथेच उघडा पडतो. सूचनेची खिडकी वर आली आणि एस्केप दाबूनही जात नसेल, तर माणूस तिथेच अडकला.

मग कानांनी तपासा. विंडोजवर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर मोफत मिळतो, अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक असतो. पडदा बंद करून ऐका. ‘येथे क्लिक करा’ असे सहा दुवे ओळीने ऐकू आले, तर कोणता कशाचा हे कसे कळणार? दुव्यातच ‘उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज’ असे लिहा. नुसते चित्र असलेल्या बटणाला नाव दिले नसेल तर ‘बटण, बटण’ एवढेच कानावर पडते.

इथे गोव्याची एक खास अडचण येते. १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोंकणी राजभाषा झाली आणि मराठीच्या वापरालाही मुभा राहिली. वर इंग्रजी आहेच. एकाच पानावर तिन्ही भाषा भेटतात आणि त्यांतल्या दोन देवनागरीत. कोणता मजकूर कोणत्या भाषेचा हे पानाच्या कोडमध्ये सांगावे लागते: मराठीला एमआर, कोंकणीला केओके, इंग्रजीला ईएन. सगळे पान इंग्रजी म्हणून नोंदले असेल तर इंग्रजी आवाज देवनागरी चक्क गाळू शकतो किंवा एकेक अक्षर सुटे वाचतो. बदल एका शब्दाचा, पण तो करायचा कुणाला सुचत नाही.

त्याहून वाईट म्हणजे जुने फाँट. युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या सामाईक संगणकी संकेतांच्या, आधीच्या फाँटात टाइप केलेला मजकूर डोळ्यांना मराठी दिसतो, पण खाली रोमन अक्षरे आणि चिन्हेच असतात. ओळखायची युक्ती सोपी: एक वाक्य कॉपी करून व्हॉट्सॲपमध्ये चिकटवा. अगम्य काहीतरी उमटले, तर स्क्रीन रीडरही तेच वाचतो. रूपांतराची साधने मिळतात. नंतर जोडाक्षरे मात्र हाताने तपासा.

परिपत्रकांचे तसेच. वर्डमध्ये टाइप करायचे, छापून सही-शिक्का मारायचा, स्कॅन करायचे आणि तो फोटो पीडीएफ म्हणून चढवायचा, हा आपल्या कचेऱ्यांचा आवडता द्राविडी प्राणायाम. त्यात अंध वाचकाला एक अक्षरही मिळत नाही. सहीची प्रत हवी तर ठेवा, पण मूळ मजकूर पानावर टाका. शिबिराच्या पोस्टरमधली तारीख, वेळ आणि जागाही पानावर मजकूर म्हणून हवी.

अर्जात प्रत्येक रकान्याला कायम दिसणारे नाव द्या. आत फिकट अक्षरांत लिहिलेली सूचना टाइप करू लागताच नाहीशी होते, मग मधेच थांबलेल्याला काय भरायचे होते ते आठवत नाही. ‘कृपया योग्य माहिती भरा’ ही चूक दाखवायची रीत झाली नाही; ‘पिन कोड सहा आकडी हवा, तुम्ही पाच आकडे भरलेत’ असे सांगा. जन्मतारीख टाइप करू द्या. १९५२ साली जन्मलेल्या आजोबांना कॅलेंडरमध्ये महिनामहिना मागे न्यायचे म्हणजे छळच. चित्रातली वेडीवाकडी अक्षरे ओळखायला लावू नका. ओटीपी किंवा लॉगिनच्या सत्राची मुदत संपत आली तर आधी सांगून वाढवू द्या.

रंगांना मोजमाप आहे: साध्या अक्षरांचा आणि पार्श्वभूमीचा फरक (कॉन्ट्रास्ट) किमान ४.५ ला १, मोठ्या अक्षरांसाठी ३ ला १. तपासणीची साधने मोफत मिळतात. भगव्या पट्टीवरची पांढरी अक्षरे त्यात बहुधा नापास होतात. ओळींमध्ये जागा सोडा, नाहीतर वेलांट्या-उकार कापले जातात. अक्षरांमध्ये मात्र सोडू नका, शिरोरेखा तुटते. व्हिडिओतले बोलणे खाली अक्षरांतही दिसायला हवेच.

काम बाहेरच्या कंपनीकडे असेल तर हे सगळे निविदेत लिहा आणि शेवटचा हप्ता चाचणीनंतरच द्या. आधार भक्कम आहे. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे, सरकारी संकेतस्थळांसाठी जीआयजीडब्ल्यू ३.० ही मार्गदर्शिका आहे, आयएस १७८०२ हे सुलभतेचे भारतीय मानक आहे, डब्ल्यूसीएजी २.१ या संकेतस्थळांच्या सुलभतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांची डबल ए पातळी मागा. सुलभतेचे नियम ऐच्छिक असून चालणार नाहीत, ते बंधनकारक हवेत, असे सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी खटल्यात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सांगितले. ३० एप्रिल २०२५ च्या निकालात तर डिजिटल सेवांपर्यंत पोचणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला.

आपोआप तपासणारी साधने थोडेच दोष पकडतात. चित्राला वर्णन आहे एवढे त्यांना कळते, ते बरोबर आहे की नाही ते कळत नाही. म्हणून शेवटी दिव्यांग माणसांनाच तो अर्ज भरायला द्या. पणजीत २०२३ पासून पर्पल फेस्ट हा दिव्यांगांचा महोत्सव भरतो, तेव्हा अशी माणसे गोव्यात कुठे शोधायची हा प्रश्न पडू नये. त्यांच्या वेळेचे मानधन द्या, मधे बोलू नका, कुठे थांबतात ते टिपा. संकेतस्थळावर अडचण कळवायला फोन आणि ईमेल दोन्ही ठेवा, कारण फोनवर बोलणे कर्णबधिरांना जमत नाही. त्या ईमेलला उत्तर कोण देणार त्याचे नाव कार्यालयीन आदेशात घाला. मग दुसरा दाखला घ्या.